थोरल्याला दूध बाधतं का?

प्रश्न : माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे आणि मला चौथा महिना संपत आलाय. तो अजून रात्री अंगावर पितो. सासूबाई म्हणतात, पोटुशी बाईचं दूध थोरल्याला बाधतं, पोर वाळत जातं. कडुलिंबाचा पाला वाटून लाव आणि तोड. माझं माहेर शिरूरकडचं, आईही फोनवर तेच म्हणाली. मी हसण्यावारी नेलं असतं, पण पंधरा दिवस झाले, तो खरंच नीट जेवत नाही, किरकिर करतो, मला सोडत नाही आणि पिता पिता मध्येच तोंड वाकडं करून बाजूला होतो. दूध खरंच खराब होतं, की ही नुसती समजूत? आणखी चार-पाच गोष्टी विचारायच्यात, त्या वेगळ्या लिहिल्यात.
— एक वाचक, खुटबाव (ता. दौंड)

उत्तर : सासूबाईंनी पाहिलंय ते बरोबर, लावलेलं कारण चूक. सासू-सुनेच्या खटल्यात पत्र लिहिणारीची बाजू घ्यायची हा या सदराचा न लिहिलेला नियम आहे, तो आज मोडते. आई पुन्हा पोटुशी राहिली की कडेवरचं पोर उतरतं, हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून बायकांनी पाहिलेलं आहे. वैद्यांनीही. ‘माधवनिदान’ या जुन्या ग्रंथात या दुखण्याला ‘पारिगर्भिक’ असं स्वतंत्र नाव आहे. गरोदर आईचं दूध पिणाऱ्या मुलाला खोकला, उलट्या, मंद झालेली भूक, अन्नावरची वासना उडणं, ग्लानी, रोडावणं आणि वर पोट सुटणं, अशी लक्षणं तिथे दिली आहेत. त्यावर उपाय काय, तर भूक प्रदीप्त करा. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या पाठीशी चांगली हजार-बाराशे वर्षांची परंपरा उभी आहे. हसण्यावारी नेलं नाहीत ते बरं केलंत.

आता दुधाचं. दिवस राहिले की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि दूध आटायला लागतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते चांगलंच जाणवतं. उरतं त्यात साखर कमी आणि खारटपणा जास्त, आणि दिवस भरत येतील तसं ते चिकाच्या वळणावर जातं. तुमचा मुलगा तोंड वाकडं करतो ते यामुळे. त्याला नेहमीची चव लागत नाही आणि ओढूनही फारसं हाती येत नाही. पण चव बदलणं वेगळं आणि नासणं वेगळं. गोठा असलेल्या घरात हे समजावून सांगायची गरज नसावी. गाभण म्हैस आपण विण्याच्या दोन-एक महिने आधीपर्यंत पिळतो, ते दूध डेअरीला घालतो, घरच्या चहातही ओततो. म्हैस गाभण आहे म्हणून चहा कुणाला बाधल्याचं ऐकलंय का? सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा. तुमच्या तोंडून गेलं तर वाद होईल.

मग पोर वाळतं कशानं? याचं उत्तर मला पटेल असं मिळालं ते पार आफ्रिकेतून. सिसिली विल्यम्स नावाची जमैकात जन्मलेली डॉक्टर गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करत होती. एक ते चार वर्षांची मुलं तिच्याकडे यायची. पाय सुजलेले, कातडीचे पापुद्रे सुटलेले, केस विरळ नि तांबूस, आणि तोंडावर हसू नाही. १९३३ साली तिने या दुखण्याबद्दल लिहिलं आणि १९३५ साली तिथल्या बायका त्याला जे म्हणत तेच नाव वैद्यकाला दिलं : क्वाशिओरकोर. गा भाषेतल्या या शब्दाचा अर्थ ‘धाकटं झाल्यावर जागेवरून उठवलेल्या पोराचं दुखणं’. आपल्या वैद्यांनी बोट दुधाकडे दाखवलं, त्या बायकांनी जागेकडे. आईच्या छातीशी असलेली जागा गेली, आणि तिच्या बदल्यात पोराच्या पुढ्यात मक्याच्या पिठाची पेज आली.

आपल्याकडे मक्याच्या पेजेच्या जागी चहा-बिस्कीट आहे. तुम्ही रागावू नका, पण सकाळी तुम्हाला कोरड्या उलट्या होत असताना पोराच्या हातात पाच रुपयांचा पुडा कोण देतं आणि वर बशीत चहा कोण ओततं, ते एकदा बघा. त्याची भूक तिथेच मरते. चहाने जेवणातलं लोहही अंगी लागत नाही. दूध कमी झालं, त्याची भरपाई झाली नाही, आणि आईला स्वतःचाच जीव सांभाळता येईना, म्हणून पोर उतरतं.

तेव्हा तोडायचं का, याचं उत्तर असं. गरोदरपण सुरळीत असेल तर पाजायला हरकत नाही, पोटातल्या बाळाचं त्यात काही जात नाही. पाजताना गर्भाशय किंचित आवळतं, पण सुरळीत गरोदरपणात एवढ्याने कळा सुरू होत नाहीत. मात्र अंगावरून लाल जात असेल, पोटात कळ येत असेल, आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल, जुळं असेल किंवा पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, तर पाजणं थांबवावं लागतं. या महिन्याच्या तपासणीत तेवढं विचारून घ्या.

कडुलिंब मात्र नको. कोरफडही नको. काल रात्रीपर्यंत गोड असलेली आई आज कडू का झाली, हे त्या जिवाला कुणी सांगायचं? एकेक वेळ कमी करा. दुपारचं आधी सुटतं, रात्रीचं शेवटी. रात्री रडला तर त्याच्या बाबांनी उठून पाणी पाजावं, खांद्यावर घेऊन ओसरीत दोन चकरा माराव्यात. दोन-तीन रात्री घर जागेल, पुढे निवळेल. पुष्कळ मुलं या दिवसांत दूध आटलं की आपण होऊनच सोडतात. तुमच्या मुलाने निम्मी वाट चाललेलीच दिसते. तो बाळंतपणापर्यंत पीत राहिलाच, तर धाकट्याला आधी पाजायचं आणि थोरल्याला नंतर, कारण चिकावर पहिला हक्क धाकट्याचा.

त्याच्या ताटाकडे बघू. या वयात दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी लागतं, आणि प्रत्येक वेळी वाटीभर. पातळ पाणी नको, घट्ट हवं. मुगाची खिचडी वर तूप घालून, वरणात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं, केळं, नाचणीचं सत्त्व, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी. शेंगदाणे अख्खे देऊ नका, फुटाणेही नाही; पाच वर्षांच्या आत दाणा श्वासनळीत अडकायची भीती असते. गाई-म्हशीचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की मूल जेवतच नाही, हेही लक्षात ठेवा. आणि त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या. निम्मं सांडेल. कोंबड्या आहेतच.

खरंच वाळतोय की आपल्याला वाटतंय, हे नजरेने कळत नाही. अंगणवाडीत नेऊन वजन करा आणि ताईंकडून दंडाला पट्टी लावून घ्या. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग असलेली अरुंद पट्टी. दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरला भरला तर हिरवा. साडेबाराच्या खाली आला तर पिवळा, म्हणजे खाण्याकडे लक्ष द्यायचं. साडेअकराच्याही खाली गेला तर लाल, त्याच दिवशी दवाखाना. दोन्ही पावलांवर सूज दिसली, बोट दाबून खळगा राहिला, तर पट्टीची वाटही बघू नका. अंगणवाडीत बसायला मुलाला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणून दोन वर्षांचं पोर कुणी तिकडे नेत नाही. पण घरी न्यायचा पोषण आहार सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत त्याचा असतो आणि गरोदर म्हणून तुमचाही वेगळा असतो. दोन पाकिटं आणा. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचे डोस, म्हणजे गोवर-रुबेलाचा दुसरा, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओ, राहिले असतील तर त्याच फेरीत उरका. अ जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत.

तुमचं ताट मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण घरातही ते शेवटीच असणार. तुमच्या पुणे जिल्ह्यातलंच एक काम सांगते. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुमारे आठशे गरोदर बायकांचा मागोवा घेतला. काय खाता, किती खाता, शेतात किती राबता, पाणी कुठून आणता, सगळं विचारलं आणि जन्मलेल्या बाळांची वजनं-मापं घेतली. एकूण किती खाल्लं याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो पालेभाजी, फळं आणि दूध-ताक कितीदा खाल्लं याच्याशी. आणि शेतातली कामं, पाणी भरणं वगैरे जड कष्ट जास्त होते तिथे बाळं लहान निघाली. मेथी-चुका-राजगिरा तुमच्या बांधावरचा आहे, तो रोज जेवणात असू द्या. घरात माळकरी असतील आणि अंडं-मटण चालत नसेल, तर दूध-दही चुकवू नका. बी-१२ची कमतरता त्याच खेड्यांत भरपूर आढळली होती.

एक गोष्ट मात्र याच पत्राच्या निमित्ताने ठळक लिहायची आहे. सरकारी दवाखान्यातून तुम्हाला लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या असतील, रोज एक, १८० दिवस. लाल, चकचकीत, गोल. पावणेदोन वर्षांच्या मुलाला त्या जत्रेतल्या गोळ्यांहून वेगळ्या दिसत नाहीत. त्याने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. फसवं असं की आधी उलट्या होतात, मग पोर काही तास बरं वाटतं, आणि घरचे निर्धास्त होतात तेव्हाच आत नुकसान चाललेलं असतं. गोळ्या उशीखाली नकोत, खिडकीत नकोत, टीव्हीवर तर नकोतच. कपाटाच्या वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात. कधी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी १०८ला फोन आणि पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना. तुम्ही स्वतः ती गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. दोन्हींत दोन तास जाऊ द्या.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. सासरे म्हणतात, घरचा गूळ खा, रक्त वाढेल, गोळ्यांची उष्णता कशाला?

उत्तर : गुळात लोह असतं, पण थोडं, आणि ते किती हे गुळागणिक बदलतं. तेवढ्यावर गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सांभाळायचं म्हटलं तर ढेपच फोडावी लागेल, आणि मग साखरेचा आजार ओढवेल. गुळाची पोळी आवडीने खा, गोळी औषध म्हणून घ्या. शौचाला काळी होते, कधी खडा होतो. पाणी वाढवा, गोळी जेवणानंतर घ्या, सोडू नका.

गुऱ्हाळावरून आठवलं. तुम्ही जड झालात की पोराला ‘आजोबांबरोबर धाड’ अशी सोय होणार. काहिलीला काठ कमी असतो आणि उकळता रस अंगावर उडाला तर चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. गुळव्याचं लक्ष रसावर असतं, ते तिथेच असायला हवं. आजोबांनी काकवीची वाटी घरी आणून द्यावी. काहील चढलेली असताना पोर गुऱ्हाळावर नको. शेततळ्याला आणि पाण्याच्या हौदालाही हेच लागू.

प्रश्न : तो सारखा ‘घे’ म्हणतो. शेजारच्या बायका ओरडतात, उचलू नको, खाली येईल.

उत्तर : दहा-अकरा किलोचं पोर कडेवर घेतल्याने सुरळीत गरोदरपण मोडत नाही. तसं असतं तर एकाही घरात दुसरं मूल झालं नसतं. कमरेत वाकून उचलू नका, उकिडवं बसा, त्याला अंगाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. त्याहून सोपं म्हणजे तुम्ही खाली बसायचं नि त्याने मांडीवर चढायचं. त्याला उंची नको असते, आई हवी असते. डॉक्टरांनी वार खाली आहे असं सांगितलं असेल किंवा रक्त जात असेल, तर मात्र नाही. आणि या शेजारणींना माझा एक प्रश्न विचारा : पोर उचलू नको म्हणता, मग भरलेला हंडा उचलताना कुणी का ओरडत नाही?

प्रश्न : तो हल्ली वाकून स्वतःच्या पायांतून मागे बघतो. आजी म्हणते, भावंड बोलावतोय. भाऊ की बहीण, हेही कळतं म्हणे?

उत्तर : दीड-दोन वर्षांची बहुतेक मुलं असं बघतात. पाय घट्ट रोवता यायला लागले, की जग उलटं कसं दिसतं हे पाहण्याची मजा सापडते. जिथे पुढे भावंड झालं तिथे ते लक्षात राहतं, झालं नाही तिथे विसरलं जातं. मुलगा की मुलगी हे पायांतून दिसत नाही, आणि जिथे दिसतं तिथे विचारणं-सांगणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेतून सहा हजार रुपये मिळतात, अटींत बसत असाल तर. अर्ज अंगणवाडीतूनच होतो.

प्रश्न : त्याला बाळाबद्दल कधी सांगायचं? आणि मी दवाखान्यात असताना तो राहील कसा? पहिल्या वेळी माहेरी गेले होते, आता जमणार नाही.

उत्तर : ‘पाच महिन्यांनी’ हे त्याला कळत नाही. तुमची तारीख माघाच्या आसपास येते असं दिसतं, तेव्हा ‘संक्रांतीचा तिळगूळ खाल्ला की बाळ’ एवढं पुरे. तेही दिवाळीच्या आधी नको. संक्रांतीला त्याचं बोरन्हाण दणक्यात करा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, सगळं. नववा लागलेला असेल, तुम्ही खुर्चीवर बसूनच करा, पण करा. पुढचे दोन महिने पाळण्याभोवतीच गर्दी होणार आहे. त्याआधी एक दिवस सगळा गाव त्याच्याभोवती जमू दे. खाली पडलेले हरभरे नि बोराच्या बिया तोंडात जातील, तेवढं कुणीतरी पाहा.

राहण्याची सवय आत्तापासून लावा. आठवड्यातून दोन रात्री आजीजवळ, मग चार. दूध तोडणं, निजायची जागा बदलणं, जे काय करायचं ते बाळंतपणाच्या दोन महिने आधी उरका, नाहीतर नंतर दोन महिने हातच लावू नका. बाळ आलं त्या आठवड्यातच जागा गेली, तर हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसतो. यवतचं ग्रामीण रुग्णालय की दौंडचं उपजिल्हा रुग्णालय की पुणे, हे आठव्यातच ठरवा. पहिलं सिझर असेल तर शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय आहे तिथेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायकांची तपासणी मोफत होते, त्या दिवशी विचारा. न्यायला-आणायला १०२ची गाडी, तीही मोफत. तुम्ही निघाल ती मध्यरात्र असली तरी त्याला उठवून सांगून जा. रडेल. न सांगता गेलात तर पुढे महिनाभर तुम्ही संडासला गेलात तरी रडेल.

आणि पुढचा पाळणा लांबवायचाय ना? बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तांबी बाळंतपण झाल्याबरोबर तिथेच बसवून घेता येते. तोही विषय आठव्यात बोला, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

प्रश्न : बाळ घरी आल्यावर हा त्याला मारेल का?

उत्तर : मारेल. चिमटा काढेल, नाहीतर प्रेमाने त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबेल, आणि हे दुसरं जास्त धोक्याचं. दोघांना खोलीत एकटं सोडू नका, पाण्याचा तांब्या आणायलाही नाही. दवाखान्यातून याल तेव्हा बाळ आत्याच्या हातात असू दे, तुमचे हात रिकामे ठेवा आणि आधी त्याला घ्या. चड्डीत शू करायला लागेल, बोबडं बोलेल, बाटली मागेल, करू द्या. ‘आता तू दादा झालास ना?’ हे वाक्य दिवसातून एकदाच म्हणायची परवानगी आहे. आणि अंगणात बसून ‘आता तुझी मज्जा संपली, आई आता बाळाची’ असं पोराला चिडवणारे जे दोन-चार हौशी असतात, त्यांना चहा न देता वाटेला लावा. याबाबतीत मी अजिबात सौम्य नाही.

माझी थोरली तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. धाकट्याच्या बारशाला आजोळहून आलेलं जरीचं टोपडं ऐनवेळी सापडेना. घर पालथं घातलं. पाहुण्यांपैकी एकीवर संशयही घेऊन झाला. आठ दिवसांनी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात हात घातला तर तळाशी टोपडं. मी काही बोलले नाही. झटकलं, धुतलं, मागल्या दारी वाळत घातलं. ती हळूच येऊन दोरीखाली उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, ‘सापलं?’